एका पातेल्याचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात, तह आठवतात, राज्याभिषेक आठवतात. पानिपतावर कोणाची फौज कुठे उभी होती, हे शाळेतला मुलगाही फळ्यावर काढून दाखवील. पण १४ जानेवारी १७६१ च्या आदल्या रात्री त्या मराठी छावणीत काय शिजले होते, हे त्याला कुणी विचारत नाही. विचारले तर उत्तर ऐकवणार नाही. रसद तुटलेली होती, माणसे आणि जनावरे उपाशी होती, आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून सकाळी फौज बाहेर पडली. म्हणजे आपल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या जखमेच्या मुळाशी एक रिकामे पातेलेही आहे.

आज मला पातेल्याबद्दलच बोलायचे आहे. मेजवान्यांच्या देगा आणि पंचपक्वान्नांची ताटे यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मी बोलणार आहे ते एका चुलीवरच्या, एका झाकणाखालच्या साध्या जेवणाबद्दल. खिचडीबद्दल.

हा शब्द आपण फार अन्यायाने वापरतो. कशाचा कशाला मेळ नसला की आपण म्हणतो, 'सगळी खिचडी करून टाकली!' माझ्या वाट्याला हा शब्द जरा जास्तच आला. मी मराठीत कविता लिहितो, घरात दखनी बोलतो आणि नमाज अरबीत पढतो. त्यामुळे कविसंमेलनात चहाच्या वेळी कुणीतरी प्रेमाने म्हणतेच, 'तुमच्या भाषेची छान खिचडी आहे हो!' मला त्याचा राग येत नाही, कारण मला खिचडी करता येते. ज्याला ती करता येते त्याला ठाऊक असते की खिचडी म्हणजे गोंधळ नव्हे. तांदूळ किती, डाळ किती, पाणी किती, डाळ आधी भिजवायची की नाही, मोकळी हवी की आसट, याचा त्यात पक्का हिशेब असतो. तो चुकला तर पातेले करपते.

हा हिशेब जुना आहे. संस्कृत ग्रंथांत 'कृसर' किंवा 'कृशरा' नावाचा पदार्थ येतो. तांदूळ आणि त्याच्याबरोबर तीळ किंवा डाळ, एकत्र शिजवलेले. पुढे चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ साली सिंधू ओलांडून आला, महंमद तुघलकाच्या दरबारी काझी झाला, आपले दौलताबादही पाहून गेला. त्याने लिहून ठेवले आहे की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात, त्यावर तूप घालून खातात आणि त्याला 'किशरी' म्हणतात. सकाळची न्याहारी हीच. आणि मग त्याला स्वतःचा मुलूख आठवतो. आमच्याकडे जशी हरीरा, तशी यांच्याकडे ही किशरी, असे तो सांगतो. घरापासून हजारो कोस लांब आलेल्या माणसाला परक्या ताटात आपल्या घरचे काहीतरी दिसले. साध्या जेवणाची ही ताकद मला मोठी वाटते. पक्वान्न पाहून माणूस दिपतो, पण घर आठवते ते साध्या वाटीने.

त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी, १४७० च्या आसपास, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलच्या बंदरात उतरला. तिथून तो जुन्नरला आला आणि पावसाळा लागल्यामुळे तिथेच अडकला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. तो परत मिळवताना बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. पण त्याने जे टिपून ठेवले त्यात एक मजेदार नोंद आहे. इथे घोड्यांना वाटाण्याच्या जातीचे कडधान्य देतात आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडीही खाऊ घालतात! म्हणजे बहमनी दख्खनमध्ये खिचडी माणसांच्या पंगतीतून घोड्यांच्या पागेपर्यंत पोचलेली होती. लष्कराच्या तळावर एकच रसद माणसाला आणि जनावराला चालावी, यापेक्षा सोयीचे काय असणार?

इथे आपण छावणीत शिरतो. खिचडीचा खरा इतिहास मला राजवाड्यांपेक्षा छावण्यांत जास्त सापडतो.

अकबराच्या स्वयंपाकघराची माहिती अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त दिली आहे. त्यात पदार्थांचे तीन वर्ग केले आहेत आणि बिनमांसाच्या वर्गाला नाव दिले आहे 'सूफियाना'. अकबर आठवड्यातले काही दिवस मांस वर्ज्य करीत असे, त्या दिवसांचे हे जेवण. खिचडी याच वर्गात आहे. पाच शेर तांदूळ, पाच शेर डाळ आणि पाच शेर तूप! तुपाचे हे प्रमाण वाचून आमच्या घरी सगळे हसले. बादशहाची खिचडी साधी असली तरी बादशहाचीच होती.

पण हाच अबुल फझल १५९९ साली दख्खनच्या मोहिमेवर आला, तेव्हा त्याच्या तळावर काय चाले, याचे वर्णन 'मआसिर-उल-उमरा' या ग्रंथात आहे. अठराव्या शतकात शाहनवाज खानाने हा ग्रंथ औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, लिहायला घेतला आणि त्याच्या मृत्यूनंतर मुलाने तो पुरा केला. त्यात म्हटले आहे की एका प्रचंड तंबूत अमीर-उमरावांसाठी रोज हजार प्रकारची ताटे मांडली जात. त्याच्याजवळच दुसरा तंबू होता. तिथे गरीब-श्रीमंत कुणीही यावे, दिवसभर खिचडी शिजत असे आणि मागेल त्याला ती वाढली जाई.

हे दोन तंबू माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. त्या हजार पदार्थांची नावे आज कुणाला सांगता येणार नाहीत. दुसऱ्या तंबूतला पदार्थ मात्र आज रात्रीही महाराष्ट्रातल्या लाखो घरांत शिजेल.

अबुल फझल १६०२ साली दख्खनहून परतत असताना शाहजादा सलीमने त्याची हत्या करवली. हाच सलीम पुढे जहांगीर बादशहा झाला. गुजरातच्या दौऱ्यात १६१८ च्या सुमारास त्याने तिथली बाजरीची खिचडी प्रथमच चाखली आणि आपल्या आत्मचरित्रात लिहिले की ही मला मानवली, आवडली. मांस न खाण्याच्या दिवशी ही मला वरचेवर आणीत जा. दुष्मनी माणसांची, पातेल्याची कुणाशीच नाही. त्याचा नातू औरंगजेब म्हातारपणी दख्खनच्या छावण्यांमध्ये फिरत राहिला. त्यानेही मुलाला लिहिलेल्या एका पत्रात मुलाकडच्या खिचडी आणि बिर्याणीची आठवण काढली आहे आणि तिथल्या आचाऱ्याची मागणी केली आहे. पंचवीस वर्षे तंबूत राहणाऱ्या बादशहालाही शेवटी घरचे गरम जेवण हवेसे वाटते. त्या पत्रातला बाप मला इतिहासाच्या पुस्तकातल्या बादशहापेक्षा जास्त ओळखीचा वाटतो.

मग साध्या माणसांचे काय? त्यांची पत्रे नाहीत, आत्मचरित्रे नाहीत. त्यांचे जेवण परक्यांनी टिपले. फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा डच व्यापारी १६२० ते १६२७ या काळात आग्र्याला होता. तिथले कारागीर आणि मजूर दिवसा भाजलेले कडधान्य चघळतात, आणि संध्याकाळी मंद आचेवर मूग-तांदळाची खिचडी शिजवून तुपाबरोबर गरम गरम खातात, असे तो लिहितो. पुढे ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सांगतो की शिपायाचे आणि गरिबाचे रोजचे जेवण हेच. खाताना ते आधी बोटांची टोके पातळ तुपात बुडवतात. बघा, बादशहाकडे पाच शेरांना पाच शेर तूप आणि शिपायाकडे बोटाच्या टोकापुरते. पण पातेल्यातला पदार्थ एकच.

छावणीला हेच जेवण का सोयीचे झाले? तांदूळ आणि डाळ कोरडी असतात, पोत्यात महिनोन्‌महिने टिकतात, बैलाच्या पाठीवर जातात. चूल एक लागते, भांडे एक लागते. मळणे नाही, थापणे नाही, लाटणे नाही. सरपण कमी लागते. आणि तांदळात जे प्रथिनाचे अंश उणे असतात ते डाळीत असतात, डाळीत जे उणे ते तांदळात असते. हे आज आहारशास्त्र सांगते. त्या शिपायाला शास्त्र ठाऊक नव्हते. पोटाला आधार राहतो, एवढे ठाऊक होते.

छावणीतली चूल किती जोखमीची असते, हे शिवाजी महाराजांनी नेमके ओळखले होते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ घोडदळाचा तळ पडला होता. तिथल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा. ती आधीच उडवलीत तर तुम्ही कुणब्याच्या घरचा दाणा, भाकरी, लाकूड, भाजी ओढून आणाल, आणि मग त्या गरिबाला वाटेल की यापेक्षा मोगल बरे, अशी त्यात ताकीद आहे. त्याच पत्रात आगीचीही धास्ती आहे. कुणी भलत्या जागी चूल मांडील, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, तेव्हा सांभाळा. एका राजाने उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करावा, याचे मला दर वेळी नवल वाटते. छावणीतला ताण शत्रूमुळे असतो तितकाच चुलीमुळेही असतो, हे त्या पत्रातून कळते.

आता छावणीतून घराकडे येऊ. कारण घर हीसुद्धा एक छावणीच आहे. तिथेही रसद मोजावी लागते, सरपण पुरवावे लागते, आणि रोज दुपारी चारला एक प्रश्न उभा राहतो: 'आज काय करू?' हा प्रश्न विचारणारी व्यक्ती बहुधा बाईच असते, आणि इतिहासाने तिच्या या प्रश्नाची नोंद घेतलेली नाही.

माझे बालपण सोलापुरात गेले. आमच्या मोहल्ल्यातल्या पुष्कळ बायकांसारखी माझी अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू. हजाराचा हिशेब असे आणि कारखान्यात माल द्यायचा दिवस ठरलेला असे. एरवी आमच्याकडे ज्वारीची भाकरी. भाकरी हे थोर अन्न आहे, पण ती एकेक थापावी लागते, एकेक शेकावी लागते. खाणारे तव्याकडे पाहत बसलेले असतात आणि थापणारीचे हात परातीतून निघत नाहीत. भाकरीच्या दिवशी अम्मा आमच्याबरोबर जेवलेली मला आठवत नाही. ती सगळ्यांत शेवटी, उरलेल्या विस्तवाजवळ बसायची.

माल द्यायच्या आदल्या रात्री मात्र खिचडी असे. मसुराची किंवा तुरीची डाळ, रेशनचा तांदूळ, कांदा, हळद, असली तर कोथिंबीर. वर चिंचेचे पातळ खट्टे. पातेल्यावर झाकण ठेवले की अम्मा पुन्हा विड्यांकडे वळे, आणि झाकण काढले की आमच्याबरोबर दस्तरखानावर बसे. आम्हा पोरांना तिचा अर्थ कळला होता. आज खिचडी आहे, म्हणजे आज अम्मा जवळ बसणार आहे. आज घरात कुणी कुणावर ओरडणार नाही.

या एका गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. चव, स्वस्ताई, पचायला हलकी हे खिचडीचे गुण सगळेच सांगतात. मला तिचा सर्वांत मोठा गुण हा वाटतो की ती शिजवणाऱ्याला पंगतीत बसू देते. ज्या जेवणात रांधणारा आणि जेवणारा एकाच वेळी एकाच ताटाशी बसतात, त्या जेवणाने घरातला ताण निम्मा होतो.

पण आपल्याला साधेपणाची लाज वाटते. पाहुणा आला की खिचडी चालत नाही. अचानक कुणी दारात उभे राहिले की घरातली बाई घाबरीघुबरी होऊन डबे उघडू लागते. आजाऱ्याला खिचडी, कंटाळा आला की खिचडी, महिनाअखेरीला खिचडी, अशी तिची वाटणी करून टाकली आहे. घरात १९५९ च्या सुमारास भारतीय बनावटीचे प्रेशर कुकर येऊ लागले, रॉकेलच्या स्टोव्हच्या जागी हळूहळू गॅस आला, शिजायला लागणारा वेळ कमी झाला. पण वाचलेला वेळ बाईच्या वाट्याला आला नाही. त्या वेळात आणखी दोन पदार्थ करायची अपेक्षा तेवढी वाढली. यंत्राने काम हलके होते. अपेक्षा हलकी करायला माणसेच लागतात.

इंग्रजांनी ही खिचडी उचलली आणि तिचे 'केजरी' केले. त्यांनी तिच्यातली डाळ काढली, मासा आणि उकडलेले अंडे घातले आणि ती न्याहारीच्या टेबलावर ठेवली. आपण तरी कुठे कमी आहोत? उपासाची आपली साबुदाण्याची खिचडी पाहा. त्यात ना तांदूळ, ना डाळ. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळे मूळचे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले, युरोपीय दर्यावर्दींच्या जहाजांतून जगभर पसरलेले. एकादशीचे आपले सोवळे ताट असे सात समुद्रांपलीकडून आले आहे. त्याने उपास मोडत नाही. मोडू नयेच.

मोहरमच्या दहाव्या दिवशी, आशूऱ्याला, आमच्याकडे खिचडा होतो. गहू, तांदूळ, चार-पाच डाळी आणि मांस, रात्रभर घोटलेले. याच्यामागे एक जुनी लोककथा सांगतात. प्रलय ओसरला, हजरत नूह यांची नौका जमिनीला टेकली, आणि नौकेत जे जे मूठमूठ धान्य उरले होते ते सगळे एका भांड्यात घालून शिजवले. तुर्कस्तानात याच दिवशी याच कथेच्या आठवणीने 'आशुरे' नावाचा गोड पदार्थ करून शेजाऱ्यांना वाटतात. आणि तिकडे पूर्व उत्तर प्रदेशात मकरसंक्रांतीच्या सणालाच 'खिचडी' म्हणतात. गोरखपूरच्या गोरखनाथ मंदिरात त्या दिवशी लोक डाळ-तांदूळ वाहतात. संकटातून वाचलेली माणसे आणि ऋतू पालटताना जमलेली माणसे, दोघांनाही एकच पदार्थ सुचावा, हा मला योगायोग वाटत नाही. सगळ्यांचे थोडेथोडे असले तरच हे पातेले भरते.

संकटाच्या छावण्या आपणही पाहिल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांचे लोंढे रस्त्याने चालत निघाले. अशा वेळी जिथे म्हणून मोठी चूल पेटली, तिथे बहुतेक वेळा आधी खिचडीच शिजली. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तिथे कुणी जात विचारली नाही, असे म्हणायला मला आवडले असते. पण साधे जेवण माणसाला आपोआप मोठे करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी शाळांत मुलांना शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला, आणि पुढे आपल्या शाळांत दुपारचे जेवण म्हणजे 'खिचडी' हेच नाव पडले. तांदळाचा कोरडा शिधा घरी नेण्याऐवजी मुले एका ओळीत बसून गरम घास खाऊ लागली. आणि त्याच वेळी देशात काही ठिकाणी, दलित बाईने शिजवले म्हणून मुलांना ते खाऊ न दिल्याच्या बातम्याही आल्या. तुटपुंज्या मानधनावर शंभर-दीडशे पोरांसाठी रांधणारी ती बाई आपल्या इतिहासाच्या कुठल्या प्रकरणात येते, हे मला अजून सापडलेले नाही.

शेवटी थोडे सह्याद्रीकडे वळतो. आमच्या भागातली तरुण मुले सुट्टीत गडकिल्ल्यांवर मुक्कामाला जातात. मीही काही वेळा त्यांच्याबरोबर गेलो आहे. मुक्कामाची जागा गाठेपर्यंत कुरबुरी चालूच असतात. कुणाच्या पाठीवरचे ओझे जास्त, कुणाची पाण्याची बाटली रिकामी, कुणी वाट चुकवली. मग तीन दगड मांडले जातात. एकजण टाक्यावरून पाणी आणतो, एकजण तांदूळ निवडतो, एकजण कांदा चिरत डोळे पुसतो. सगळे पातेल्यात जाते आणि वर झाकण पडते. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे मला फार मोलाची वाटतात. करण्यासारखे काही नसते. ढवळायचे नसते, उघडून पाहायचे नसते. मग कुणी गाणे म्हणतो, कुणी घरची गोष्ट काढतो, आणि वाटेत ज्यांचे भांडण झाले ते दोघे एकाच खडकावर टेकलेले असतात. अबुल फझलच्या तळावरचे शिपाई, आग्र्याचे ते कारागीर, माल द्यायच्या आदल्या रात्रीची आमची अम्मा, या सगळ्यांना ही झाकणाखालची वीस मिनिटे मिळाली असतील. त्यांच्या दिवसातली तेवढीच कदाचित त्यांची स्वतःची होती.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. आठवड्यातली एक रात्र या पातेल्याला द्या. त्या रात्री तुमच्या घरात 'आज काय करू?' हा प्रश्न कुणालाही पडू देऊ नका. तांदूळ-डाळ धुवायला मुलांना सांगा, कांदा तुम्ही चिरा. पाहुणा आला तर त्याच्यापुढेही तेच ठेवा, आणि ओशाळू नका. फक्त एक बघा, रोज जी शेवटी जेवते तिचे ताट त्या रात्री सगळ्यांच्या बरोबर वाढलेले असू द्या. तूप कमी असले तरी चालेल. बोट बुडेल एवढे पुरे.